कमानीचा दुसरा अर्धा

धान पिवळं पडलं, बांध्यांमधलं पाणी आटलं आणि घराघरांतून विळे बाहेर निघाले, की माझा स्वभाव बिघडतो. एरवी तो फार गोड आहे असा कोणाचा दावा नाही. पण कार्तिक लागला की मी घरात उगाच भांडी आपटतो, शाळेत पोरांवर खेकसतो आणि बाजारातून आणायच्या चार जिनसांपैकी दोन विसरून येतो. आमची मंडळी आता काही बोलत नाही. चहा पुढं ठेवते आणि म्हणते, "आला तुमचा महिना." मग आपल्या कामाला निघून जाते.

बाकी सगळ्यांना हा हंगाम आवडतो, आणि आवडावा असाच तो आहे. सकाळी बोड्यांवर, म्हणजे छोट्या तळ्यांवर, धुकं बसलेलं असतं आणि कडेच्या चिखलात सारसांची जोडी पाय उचलून उचलून चालत असते. कापलेल्या धानाचा ओलसर गोड वास गावाबाहेरून थेट गोंदियाच्या स्टेशनापर्यंत येतो, तिथं त्याला मिलमध्ये उकडणाऱ्या धानाचा वास भेटतो, आणि दोन्ही मिळून दिवसभर नाकातून हलत नाहीत. छोट्या रुळांची गाडी भाऱ्यांच्या शेजारून शिट्टी मारत जाते. बाया बिड्यांची सुपं बाजूला ठेवून कापणीला निघतात. मलाही हे सगळं आवडायचं, बावीस वर्षांपूर्वीच्या कार्तिकापर्यंत. त्या कार्तिकात माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात गेला. तो गेला तेव्हा मी पाच पावलांवर उभा होतो, आणि मला एक शब्द बोलायचा होता, तो मी बोललो नाही.

यंदा तर हंगामाच्या जोडीला टेबलही आलं. जगभरची लढाई संपली, लष्कराचं सामान लिलावात निघालं, आणि आमच्या हेडमास्तरांनी शाळेच्या सुतारकामाच्या वर्गासाठी त्यातून एक यंत्र मिळवलं. बैलगाडीतून ते उतरवलं तेव्हा पोरं भोवती नाचत होती. हेडमास्तर खुशीत म्हणाले, "गुरुजी, आता बघा तुमच्या वर्गाचा थाट." मी नुसती मान हलवली. वरचं तरटाचं गुंडाळण काढताच मी ते ओळखलं होतं. बनावट वेगळी, खाली पट्ट्याऐवजी विजेची मोटार, पण जात तीच होती.

ज्यांनी असलं टेबल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक गुळगुळीत लोखंडी पाट असतो. त्याच्या मधोमध भोक. त्या भोकातून एक उभी दांडी वर येते आणि तिच्या डोक्यात पोलादी पातं बसवलेलं असतं. मोटार सुरू झाली की दांडी इतक्या वेगानं फिरते की पातं दिसेनासं होतं, नुसता धुरकट डाग दिसतो. त्या डागाला लाकूड लावून सरकवत न्यायचं. रंधा आणि पटाशी घेऊन दिवसभर खपल्यावर जी गोल कड किंवा जी खाच निघते, ती इथं पाच मिनिटांत निघते. आपल्या पिढीजात रीतीत लाकूड एका जागी असतं आणि हत्यार चालतं. इथं हत्यार एका जागी आणि लाकूड चालतं. ऐकायला फरक एवढाच वाटतो.

ते टेबल मांडायला मी आठ दिवस घेतले. हेडमास्तरांना वाटलं असणार की मास्तर काम टाळतोय. मी आधी पाणसळ लावून चारही पाय सारखे केले आणि बोल्टांनी जमिनीत आवळले, कारण टेबल हललं तर लाकूड हलतं, आणि लाकूड हललं तर बोटं हलतात. मग पातं दांडीत बसवलं. ते अगदी तळाला टेकेपर्यंत आत घालायचं नसतं, तिळभर वर उचलून मगच आवळायचं, म्हणजे पकड नीट बसते. आवळल्यावर पुन्हा आवळलं. मागची उभी पट्टी, जिला लाकूड टेकून सरकतं, ती सरळ करून घट्ट केली. लाकूड पट्टीला दाबून धरायला दात पाडलेली एक लाकडी फणी लावली, आणि शेवटचं वीतभर लाकूड लोटायला हाताऐवजी काठी करून ठेवली. मोटारीची तार काढून ठेवून दांडी हातानं गरगर फिरवून पाहिली, पातं कुठं घासत तर नाही ना. एवढं करून मी टेबलावर चादर टाकली आणि दोन दिवस त्याच्याकडे फिरकलो नाही.

पोरांना शिकवताना मी फार वाईट मास्तर होतो, हे मला ठाऊक आहे. बाह्या कोपराच्या वर. मनगटातला दोरा, कडं, जे असेल ते काढून खिशात. धोतराचा सोगा खोचलेला. एका फेरीत थोडंच लाकूड काढायचं, चार फेऱ्या झाल्या तरी चालतील. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय पात्याजवळ हात न्यायचा नाही. लाकूड नेहमी पात्याच्या समोरून द्यायचं. हे शेवटचं मी इतक्यांदा म्हणतो की पोरं माझ्यामागं माझी नक्कल करतात. एकदा मी दाराआडून ती ऐकली. हुबेहूब होती, आवाजातला चिडका कंपसुद्धा.

मला ते शिकवलं एका फिटरनं. त्या काळी स्टेशनाच्या पलीकडे एका शेठजींची लाकडाची मिल होती. तेलाचं मोठं इंजिन, छतालगत लांब फिरता दांडा, आणि त्यावरून खाली उतरलेले चामडी पट्टे. एका पट्ट्यावर आरा चालायचा, दुसऱ्यावर शेठजींनी हे टेबल बसवून घेतलं. बसवायला आलेला फिटर आठ दिवस राहिला आणि त्यानं मला पढवलं. मी चोवीस वर्षांचा, चार बुकं शिकलेला, यंत्राला न भिणारा, म्हणून शेठजींनी मला निवडलं होतं. फिटर जाताना माझा खांदा धरून म्हणाला, "लकडी हमेशा चाकू के सामने से देना. चाकू जिधर भागता है, उधर कभी नहीं."

त्याचं कारणही त्यानं दाखवलं होतं. समोरून दिलं की पातं लाकडाला मागं, आपल्याकडे ढकलतं, आणि तो जोर आपल्या हाताला कळत राहतो. पातं ज्या दिशेला धावतं त्याच दिशेला लाकूड सरकवलं, तर पातं ते हिसकावून घेतं आणि हात रिकामा पुढं जातो. फिटरनं एक तुकडा लांब चिमट्यात धरून उलट दिशेनं देऊन दाखवला. तुकडा कुठं गेला ते आम्हाला कळलंच नाही. संध्याकाळी तो भिंतीच्या कुडात रुतलेला सापडला.

दादा तेव्हा मिलमध्ये यायचा नाही. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचा बाप मी लहान असतानाच गेला, आणि मला वाढवलं दादानं. माझ्या हातात पटाशी त्यानं दिली, माझ्या अंगठ्याला पहिली जखम झाली तेव्हा त्यावर हळद त्यानं दाबली, आणि माझं लग्नही त्यानंच लावलं. कामठ्याच्या बाजूच्या आमच्या गावात आणि आसपासच्या दहा गावांत चौकट म्हटली की दादा. लग्नाचा मांडव उभारायचा तर पहिला खांब त्याच्या हातचा हवा, असा लोकांचा आग्रह असायचा. बोलायचा कमी. लाकूड हातात घेतलं की आधी त्याच्या कडेवरून बोट फिरवायचा, रेषा कुठल्या बाजूला वाहतात ते पाहायचा, मगच हत्यार उचलायचा. रेषेच्या उरफाट्या बाजूनं रंधा मारणाऱ्याबद्दल त्याला खरी चीड होती. सोललेलं, झिलप्या उठलेलं लाकूड दिसलं की त्याचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा.

आमच्यात कामाची एक रीत होती. आमच्यात म्हणजे आमच्या घरात, आणि त्या भागातल्या बहुतेक सुतारांत. मोठा काम करत असताना धाकट्यानं त्याला टोकायचं नाही. मोठ्याची आखणी चुकलेली दिसली तरी गप्प बसायचं. तो पाणी प्यायला उठला की त्या जागी गुण्या नेऊन ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. मोठा परत आला की गुण्या पाहतो, काय ते समजतो, काही न बोलता आखणी सुधारतो. कोणाचा मान जात नाही आणि लाकूडही वाचतं. मी दादासाठी चारपाचदा असा गुण्या ठेवला असेल. त्यानं माझ्यासाठी शेकडो वेळा ठेवला. मला ही रीत फार सुंदर वाटायची. अजूनही वाटते, हे माझं दुर्दैव. पटाशी थांबते, रंधा थांबतो, चुकलेली रेघ संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहते. त्या रीतीला यंत्र माहीत नव्हतं.

त्या कार्तिकात शेजारच्या गावच्या एका पवार पाटलांचं नवं घर उठत होतं. मोठी जमीन, माळव्यातून आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगणारं घराणं, माणसं मोकळी आणि हौशी. समोरच्या दाराला वर कमान हवी होती, आणि कमानीच्या आतल्या कडेला गोल नक्षी. नवं धान घरात येईल ते नव्या चौकटीतूनच, असं पाटलांच्या आईनं ठरवलं होतं. चौकट उभी करून तिची पूजा करायचा दिवस काढलेला होता. काम अर्थात दादाकडे आलं. चौकट त्यानं हातानं केली. कमानीची नक्षी राहिली होती, दिवस थोडे उरले होते, आणि मीच त्याला म्हटलं की ती यंत्रावर काढून देतो.

मी का म्हटलं ते स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. वेळ कमी होता हे खरं. पण मला दादाला दाखवायचं होतं. आयुष्यभर ज्याच्या हाताकडे पाहत आलो, त्यानं एकदा माझ्या कामाकडे पाहावं, एवढीच माझी हाव. त्यात पाटलांनीही यंत्र पाहायची इच्छा सांगितली. मग त्या दिवशी सकाळी मिलमध्ये ही मंडळी जमली. पाटील, त्यांचे दोन भाऊ, शेठजी, आणि एका कोपऱ्यात खांद्यावरचा पंचा हातात चुरगळत उभा असलेला दादा.

सागाच्या दोन रुंद फळ्या घेऊन त्यांतून कमानीचे दोन तुकडे कापून ठेवले होते, एक दाराच्या बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. कमान वाकडी, त्यामुळे मागची सरळ पट्टी काढावी लागते. लाकूड नुसतं पात्याखालच्या कड्याला टेकवत, एका खुंटीच्या आधारानं सुरुवात करून फिरवत न्यायचं असतं. कठीण काम आहे. शहाणा माणूस ते चार हलक्या फेऱ्यांत करतो. मी पातं पूर्ण उघडून एका फेरीत करायला गेलो, माणसं पाहत होती म्हणून.

पहिला अर्धा साफ निघाला. पाटील वाहवा म्हणाले. पण कमानीत लाकडाची रेषा सरळ आणि कड वळलेली असते. माथ्यापर्यंत पातं रेषेच्या बाजूनं चालतं, आणि माथा ओलांडला की उरफाट्या बाजूनं. हे हाताच्या सुताराला पोटातच माहीत असतं. तो एका टोकापासून माथ्यापर्यंत येतो, मग दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून पुन्हा माथ्यापर्यंत येतो. माझ्या यंत्राला माथा माहीत नव्हता. दुसऱ्या अर्ध्यात लाकूड सोललं, बोटभर लांब झिलप्या उठल्या, आणि नक्षीच्या जागी कुरतडल्यासारखं काहीतरी दिसू लागलं. मी तुकडा बाजूला ठेवला.

दादा पुढं आला. त्यानं त्या सोललेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "असं उरफाटं कोन करते गा?" रागानं नाही म्हणाला. त्याला खरंच ते लाकूड दुखत होतं. मग त्यानं दुसरा तुकडा उचलला. मी पट्ट्याकडे पाहिलं, यंत्र चालूच होतं. त्याला थांबव, असं माझ्या मनात आलं. लगेच दुसरं मनात आलं, करू दे की, त्याचा हात माझ्याहून शंभरपट स्थिर आहे. आणि होताच. पहिला अर्धा त्यानं माझ्यापेक्षा सुरेख काढला, हळूहळू, पात्याचा आवाज ऐकत. मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

माथ्यावर येऊन तो थांबला. लाकूड मागं घेतलं. त्यानं तेच केलं जे तो वीस वर्षं करत आला होता, जे कोणताही चांगला सुतार करील. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एक पाऊल सरकला आणि दुसऱ्या टोकापासून माथ्याकडे, रेषेच्या बाजूनं येण्यासाठी लाकूड उलट दिशेनं पात्याकडे नेऊ लागला. म्हणजे पातं ज्या दिशेला धावतं त्या दिशेला.

मला ते दिसलं. दिसल्याबरोबर समजलं. मधे किती वेळ होता ते मी असंख्य वेळा मोजायचा प्रयत्न केला आहे. एक श्वास असेल, फार तर दीड. "दादा, थांब" म्हणायला एक श्वास पुरतो. माझं तोंड उघडलं. आणि मग मला पाटील दिसले, त्यांचे भाऊ दिसले, शेठजी दिसले, आणि एवढ्या लोकांसमोर धाकट्यानं मोठ्याला त्याच्याच कामात टोकायचं ही गोष्ट माझ्या जिभेवर येऊन बसली. मी तोंड मिटलं.

पुढचं मी फार सांगणार नाही. लाकूड गेलं, आणि लाकडावर दाबलेला हात खाली आधारच न राहिल्यानं पुढं गेला. पट्टा उतरवला तो शेठजींनी, मी नाही. मी दादाला धरलं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. दादा ओरडला नाही. तो त्या सोललेल्या पहिल्या तुकड्याकडे पाहत होता.

चौकट ठरल्या दिवशी उभी राहिली. कमानीचे दोन्ही तुकडे मी नव्या लाकडातून हातानं केले, दोन्ही टोकांकडून माथ्याकडे येत, तीन दिवस न थांबता. पूजेला दादा आला नाही. पाटील भला माणूस, त्यांनी दादासाठी नवं धोतर आणि पहिल्या धानाचं कुडवभर माप पाठवलं. ते वैनीनं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. ती मला त्या दिवसापासून आजवर एक वाकडा शब्द बोललेली नाही. बोलली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

हात गेला म्हणजे काय गेलं, हे मला हळूहळू कळत गेलं. काम गेलं, ते तर दिसतच होतं. पण दादा पंगतीला बसेनासा झाला. अंगठ्याशिवाय भाताचा घास नीट बनत नाही, आणि चारचौघात डाव्या हातानं जेवायचं नाही. लग्नकार्यात बोलावणं आलं की तो कोणाच्या तरी बैलांची काळजी घ्यायला मागं थांबायचा आणि घरी येऊन जेवायचा. मांडवाचा पहिला खांब आता दुसरं कोणी रोवायचं. देवाला फूल वाहायचं तर दोन बोटांच्या चिमटीत ते राहायचं नाही, गळून पडायचं. पहिल्या वर्षी एकदा मी अचानक घरी गेलो, तर वैनी त्याला भरवत होती. दादानं तोंड फिरवलं आणि घास तसाच तिच्या हातात राहिला. मी दारातूनच परत फिरलो.

मिल मी सोडली. शाळेत लागलो. दादाकडे सणासुदीला जात राहिलो, पोराबाळांची, धानाची, पाण्याची बोलणी करत राहिलो. तो अंबाडीचे दोर वळायला शिकला होता, डाव्या हातानं आणि पायाच्या बोटांनी. चांगले दोर असायचे. बावीस वर्षं आम्ही दोघं त्या दोरांबद्दल बोललो. लाकडाबद्दल एकदाही नाही. मी पाहिलं होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो, हे त्याला सांगायचं म्हणून मी किती वेळा घरातून निघालो त्याला गणती नाही. गावाची शीव दिसली की माझं धैर्य संपायचं. त्याला वाटत असेल की त्याचीच चूक झाली, त्याला यंत्र कळलं नाही. त्याला तसं वाटू देऊन मी पगार खातो, गुरुजी म्हणवून घेतो. यंदा चादर टाकलेलं ते टेबल वर्गात उभं राहिलं, तेव्हा मला स्वतःचा वीट आला.

गेल्या रविवारी गेलो. दादा खळ्यावर होता. साठीकडे झुकलेला, केस पांढरे, पाठ मात्र तशीच ताठ. दुपारचं ऊन पडलं होतं, चुरणी-मळणी थांबवून बैल बाजूला बांधले होते आणि तो तणसाच्या ढिगाला टेकून दोर वळत होता. मी त्याच्याशेजारी बसलो. शाळेत यंत्र आल्याचं सांगितलं. त्यानं दोरावरून नजर उचलली नाही. मग मी बोललो, इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं विसरून, जसं आलं तसं.

"दादा, तू लाकूड उलट्या बाजूनं लावलास, तेवा मले दिसलं होतं. मले समजलं होतं. मी बोललो नाही."

त्यानं दोर मांडीवर ठेवला.

"तुहं तोंड उघडलं होतं," तो म्हणाला. "मी पायलो होतो."

त्यानं दोर मांडीवरून खाली ठेवला.

"मले वाटलं, आता हा चारचौघात मले सांगन. अन् मले आयकावं लागन, पाटलाच्या समोर. म्हनून घाई केली गा. तू बोलाच्या आंदी लोटून द्याचं होतं मले." मग म्हणाला, "हळू गेलो असतो तं कदाचित मलेच हाताले समजलं असतं. पात्याची ओढ तं लागूनच राहिली होती."

बावीस वर्षं मी समजत होतो की माझ्या गप्प बसण्यानं त्याचा हात गेला. आणि तो बावीस वर्षं समजत होता की माझ्या बोलण्याच्या भीतीनं गेला. दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि दोघांनी मिळून तो हात पात्यात घातला. मला रडू आलं. पन्नाशीकडे चाललेला माणूस, खळ्यावर, गड्यांच्या देखत रडलो. दादानं मला रडू दिलं. मग उरलेल्या दोन बोटांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "रडतेस कायले. झालं ते झालं."

वैनीनं आतून पाणी पाठवलं. आम्ही ते प्यालो. एक बैल उगाच हंबरला. दादानं पुन्हा दोर उचलला, आणि वळता वळता, सहज विचारावं तसं विचारलं, "पोरायले हे सांगतेस का?"

"सांगतो," मी म्हटलं. "मास्तर चुकला तं जोरात ओरडा म्हनतो. लाज धरू नका म्हनतो. मी मुद्दाम चुकूनही दाखवतो. मोटार बंद ठेवतो, लाकूड उलट्या बाजूनं लावतो, अन् वाट पायतो. या महिन्यात चारदा केलं."

"मंग?"

"मंग पायत रायतात. सगळ्यायले माहीत असते. एकमेकांकडे पायतात, खाली पायतात."

दादाचा दोर थांबला.

"ओरडत नाईत?"

"नाही," मी म्हटलं. "अजून एकही ओरडला नाही."